कापड आटलं असेल

टाकेबाईंनी बत्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला "तुम्ही जाड झालात" असं म्हटलेलं नाही. हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. कुणी मागच्या वर्षीचा कोट घेऊन येते, बटण आणि काज यांच्यात चार बोटांची दरी पडलेली असते, आणि ती आरशाकडे न बघता म्हणते, "धुवायला दिला ना, तेव्हापासून असं झालंय हो." मग टाकेबाई तोंडातल्या टाचण्या काढतात, गंभीर चेहऱ्याने कोटाची आतली शिवण चाचपतात आणि म्हणतात, "कापड आटलं असेल. हल्ली कापडात दम कुठे असतो!" शिवणीत दाबून ठेवलेली माया, म्हणजे जादाचं कापड, सोडून त्या दोन बोटं जागा करून देतात. गिऱ्हाईक खूश, बाईंना पुढच्या वर्षीचं काम पक्कं. पुरुषांच्या पँटची कंबर सैल करताना तर त्या मोजपट्टीचा आकडा कधी मोठ्याने वाचतच नाहीत. मनात धरतात आणि खडूने खूण करतात.

त्यांचं दुकान म्हणजे बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा, जिन्याच्या तोंडाशी असलेला गाळा, आणि तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यात चावीवाले बसतात. मध्ये गुडघ्याएवढी एक लाकडी फळी, बस्स. इकडे शिलाई मशीनची घरघर, तिकडे चावी कापायच्या चाकाची किर्रर्र, आणि दोन्ही थांबली की दोघांच्या गप्पा. "टाकेबाई" हे नाव चावीवाल्यांनीच पाडलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

टाकेबाईंचे यजमान गेले त्या दिवशी बाईंचा फोन मशीनच्या खणात, रिळांच्या खाली होता. ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोसळले. तिथून सात वेळा फोन आला. बाई एका लांब झग्याला मणी लावत बसल्या होत्या, मान वर करायची नाही असं ठरवून. तीन तासांनी झगा पुरा झाला तेव्हा त्यांनी खण उघडला. लेक तेव्हा चौदा वर्षांची होती.

त्यानंतर फोन कधी खणात गेला नाही. तो मशीनच्या उजव्या अंगाला, कात्रीच्या शेजारी, पडदा वर करून पडलेला असायचा. लेक घरी होती तोवर त्याला फार काम नव्हतं. ती शिकली, पाण्याचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात राहायला गेली, आणि मग फोनला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. पोचलीस का. जेवलीस का. आवाज बसल्यासारखा का येतोय. मागे कोण बोलतंय. उचलला का नाहीस, अंघोळीला एवढा वेळ लागतो का कुणाला. एका बुधवारी तेवीस वेळा. तिकडच्या एका सहकाऱ्याने म्हणे चेष्टा केली, "तुझ्या आईला इथेच एक खुर्ची देऊया, रोजचा हेलपाटा तरी वाचेल."

लेकीनेही काही महिने हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी तिचा बांध फुटला. "आई, तुझा फोन वाजला ना, की माझ्याच पोटात गोळा येतो गं आता. काही झालेलं नसतं तरी मला वाटतं, काहीतरी झालंय. तुझी काळजी मला लागते, साथीसारखी."

बाईंनी फोन ठेवला आणि तो सगळा दिवस एका बाहीला उलट्या बाजूने टाके घालत बसल्या.

पुढच्याच सुट्टीत लेक आली ती कुत्री घेऊन. टाकून दिलेल्या जनावरांना सांभाळणाऱ्या ठिकाणाहून आणलेली, लांब पाठीची, आखूड पायांची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. लेकीने कुठेकुठे वाचलं होतं, कुणाकुणाला विचारलं होतं. जनावर जवळ असलं की माणसाचा जीव शांत होतो, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने आईला नियम घालून दिला : "फोन हातात घ्यावासा वाटला की आधी हिच्या पाठीवर हात ठेवायचा. दहापर्यंत मोजायचं. तरीही वाटलं तर कर फोन. मी उचलेन."

"दहापर्यंत? तेवढ्यात काय काय होऊ शकतं!"

"आई."

"बरं बाई, दहा."

कुत्री मशीनच्या पायट्याशी चिंध्यांच्या ढिगावर जाऊन झोपली, म्हणून तिचं नाव चिंधी.

आणि खरं सांगायचं तर गुण आला. एरवी बाई उठल्या उठल्या फोनकडे बघायच्या, आता चिंधीला बाहेर न्यावं लागायचं. गल्लीतल्या ज्या लोकांना त्या वर्षानुवर्षं नुसती मान हलवत होत्या, ते लोक थांबून बोलू लागले. चिंधीची पाठ कोमट असायची, हाताखाली श्वासाबरोबर वरखाली व्हायची, आणि सातआठ मोजेपर्यंत बाईंचा स्वतःचा श्वासही त्या चालीवर यायचा. फोन तेवीसवरून बारावर आले, बारावरून पाचावर. झोप लागायला लागली. "बाई, तुमच्या कपाळाला इस्त्री झाली की हो," चावीवाले म्हणाले.

मग ती दुपार आली. लेक कामासाठी कुठल्याशा धरणावर गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. बाईंनी दहा मोजले. वीस मोजले. शंभर मोजले. हात पाठीवर होता, पण आत धडधड चालूच. चिंधीने मान वळवून वर बघितलं. काहीतरी करायचं म्हणून बाईंनी बटणांच्या जुन्या डब्यात ठेवलेलं एक बिस्किट काढून तिला दिलं. कुडुमकुडुम आवाज आला. आणि काय आश्चर्य, तो आवाज चालू होता तोवर बाईंच्या डोक्यात धरण नव्हतं, पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांच्यापाशी असलेलं एक जण समोर होतं, जिवंत होतं, आणि खात होतं.

आवाज थांबला तशी धडधड परत आली. त्यांनी दुसरं दिलं.

एवढंच झालं. पुढे जे काही झालं ते ह्याच एका गोष्टीचं वाढलेलं रूप होतं. फोनकडे हात गेला की तो वळून डब्याकडे जाऊ लागला. लेकीला खोकला झाला, दोन बिस्किटं. लेकीने निरोप वाचला पण उत्तर दिलं नाही, तीन. लेक नवीन घर बघायला एकटी गेली, त्या दिवशी बिस्किटं संपली आणि मग पावाचे तुकडे, लोणी लावून. मधे फळीच होती, भिंत नव्हती. चावीवाल्यांना डब्याच्या झाकणाचा आवाज पाठ झाला. "आज लेकीची तब्येत बरी नाही वाटतं," ते चाक न थांबवता म्हणायचे. "डबा फार वाजतोय."

"तुमच्या चाकाकडे बघा, बोट जाईल," बाई म्हणायच्या आणि दोघं हसायचे. बाईंच्या हसण्यात मात्र काहीतरी टोचायचं.

लेकीच्या लेखी आई बरी झाली होती. "आई, काल तू एकदाच फोन केलास, माहितीये? मी इथे सगळ्यांना सांगते, माझ्या आईकडून शिका." तिच्या शेजारच्या टेबलवरच्या मुलीची आईही तसलीच होती म्हणे. तिने टाकेबाईंचा दाखला देऊन आईला मांजर घेऊन दिली. ही बातमी ऐकली तेव्हा चिंधी त्यांच्या पायाशी पाव चावत होती.

चिंधीला छातीवरून बांधायचा कापडी पट्टा बाईंनीच शिवला होता, निळ्या जाड कापडाचा, आत मऊ अस्तर घालून. सवयीने त्यात भरपूर माया ठेवली होती. सहा महिन्यांत तो काखेत काचू लागला. बाईंनी एक शिवण उसवली, बोटभर सैल केला आणि स्वतःशी म्हणाल्या, कापड आटलं असेल. पट्टा एकदाही पाण्यात गेला नव्हता. चार महिन्यांनी पुन्हा उसवला. मग पुन्हा. मग शिवणीतलं कापड संपलं, तेव्हा बगलेत दोन चौकोनी तुकडे जोडले, अगदी त्याच निळ्या रंगाचे, शोधून आणलेले. ते जोडताना त्यांनी गाळ्याकडे पाठ केली होती.

पहिल्या वर्षी लस टोचायला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर सहज म्हणाले होते, "दोन किलो जास्त आहे, जरा हात आखडता घ्या." टाकेबाई "हो हो" म्हणाल्या. पुढच्या वर्षी तिथून लसीची आठवण करून देणारं कार्ड आलं. ते त्यांनी वाचलं, आणि त्या दिवसापासून त्या दवाखान्यासमोरून जायचं सोडून पलीकडच्या पदपथावरून जाऊ लागल्या. एवढं वजन घेऊन त्या माणसासमोर उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

जिन्याला एकोणीस पायऱ्या. सातव्या पायरीवर एका सकाळी चिंधी थांबली. बाईंनी पट्ट्याला हलकेच ओढ दिली. चिंधीने एक उडी घेतली आणि असा आवाज काढला की वरून चावीवाले धावत आले. तिचा मागचा डावा पाय हवेत होता, थरथरत. ती तो खाली टेकवायला तयार नव्हती.

चावीवाल्यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं आणि उभं राहताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. "बाई, ही आता चिंधी कसली? गाठोडं झालंय." हा विनोद ते याआधीही कितीदा करून चुकले होते. ह्या वेळी कुणीच हसलं नाही, तेसुद्धा नाहीत.

टाकेबाई नव्या दवाखान्यात गेल्या, चार चौक पलीकडे, जिथे कुणी ओळखत नव्हतं. तिथले डॉक्टर चाळिशीचे, हळू बोलणारे. त्यांनी चिंधीला काट्यावर ठेवलं. सोळा किलो. नऊ असायला हवे होते. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही, फक्त लिहिला.

"गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करता येईल, पण ह्या वजनात नाही. दुसरा पायही फार दिवस तग धरणार नाही, आणि मग..." ते थांबले. "वजन कधीपासून वाढलं?"

आता सांगायचं. बाईंनी तोंड उघडलं. "दीड-दोन महिन्यांत. एकदम हो."

"खायला काय देता?"

"सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. तुमच्याकडे विकतात ना, त्या पाकिटातलंच."

"वरचं काही? बिस्किटं, पाव?"

"छे. हावरी नाहीच मुळी."

त्याच वेळी चिंधी त्यांच्या पिशवीत नाक खुपसून हुंगत होती, कारण पिशवीच्या तळाशी दोन बिस्किटं होती. बाईंनी पिशवी खांद्यावर वर ओढून घेतली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारात पडले. "मग हे खाण्याचं नाही. इतकं कमी खाऊन दोन महिन्यांत एवढं वाढत नाही. कुठल्यातरी ग्रंथीचा दोष असेल, नाहीतर पोटात काहीतरी. शोधून काढू." आणि बाईंचा चेहरा बघून हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कधी कधी शरीरच असं वागतं."

टाकेबाईंना तो सूर ओळखीचा वाटला. हुबेहूब त्यांचाच. आरशासमोर पोट आत ओढून उभ्या असलेल्या बायकांशी त्या याच आवाजात बोलत आल्या होत्या. आता कुणीतरी त्यांच्यासाठी शिवण सैल करून देत होतं, आणि त्या तेवढ्यात आत शिरल्या.

रक्त घ्यायचं होतं. पुढच्या पायावरचे केस भादरले, पण चरबीत शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. "घट्ट धरा," डॉक्टर म्हणाले. चिंधीने तोंड बाईंच्या कोपराच्या खोबणीत घातलं आणि तिसरी सुई आत गेली तेव्हा बाईंचं मनगट चाटलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या बोलल्या नाहीत.

रक्त चांगलं निघालं. मग दुसरी तपासणी, त्यासाठी दिवसभर दवाखान्यात ठेवून तीनदा रक्त. तेही चांगलं. पोटाचा फोटो काढला तर चरबीपलीकडे नीट काही दिसेना. प्रत्येक वेळी बाई ठरवून जायच्या, आज सांगायचं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर आधीच्या सुयांचं काय सांगायचं? जितकं टोचलं गेलं, तितकं सांगणं अवघड होत गेलं. आणि परत आल्यावर चिंधीच्या काळजीने जीव टांगणीला लागायचा. त्यावर त्यांना उपाय एकच माहीत होता. हात डब्याकडे जायचा.

चावीवाले एक दिवस चाक बंद करून फळीवरून वाकले. "डॉक्टरला डब्याचं सांगितलंत ना?"

"कसला डबा?"

त्यांनी बाईंकडे बघितलं. परत जाऊन चाक सुरू केलं, आणि त्या दिवशी दुपारचा चहा एकट्यानेच प्यायले. तेवीस वर्षांच्या शेजारात असं पहिल्यांदा घडलं.

चौथ्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता एकच उरलंय. भूल देऊन पोटात बघावं लागेल. ह्या वजनात भूल देणं धोक्याचं आहे, तुमच्यापासून लपवत नाही. पण कारण सापडल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. शुक्रवारी आणा. उपाशी."

तेव्हा बाईंनी लेकीला फोन केला. कितीतरी महिन्यांनी खरं कारण असलेला फोन. लेक रजा टाकून गुरुवारी आली. दारातच तिने चिंधीला बघितलं आणि खांद्यावरची बॅग तशीच घेऊन ती खाली बसली. व्हिडिओवर तिने आठ महिने नुसतं तोंड बघितलं होतं. बाई कॅमेरा नेहमी तोंडापाशीच धरायच्या.

"दोन महिन्यांत एवढी?"

"डॉक्टर म्हणतात ग्रंथी."

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर तिघी बसल्या होत्या. समोर एक आजोबा खोक्यात कासव घेऊन बसलेले. चिंधीचा पट्टा काढून ठेवा असं सांगितलं होतं, तो लेकीने काढला आणि मांडीवर घेतला. ही पोर शिलाई मशीनच्या खाली वाढलेली. अक्षरं वाचायच्या आधी शिवण वाचायला शिकलेली. नुसतं काहीतरी हाताला चाळा म्हणून तिने पट्टा उलटा केला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

सुई काढली तरी भोकं राहतात. एका ओळीतली भोकं जवळजवळ बुजलेली होती, तिच्या शेजारच्या ओळीतली धुळीने काळी पडलेली, तिसरीतली त्याहून नवी. शेवटी ते चौकोनी तुकडे, आणि तेसुद्धा एकदा उसवून मोठे केलेले.

"आई, हे चारदा उसवलंस?"

बाई कासवाकडे बघत राहिल्या.

"ही पहिली ओळ वर्षापूर्वीची तरी असेल. अडकून राहिलेल्या दोऱ्याचा रंगसुद्धा वेगळा आहे, मी गेल्या वर्षी इथे होते तेव्हाच तू तो बदललास." तिचा आवाज आणखी खाली गेला. "तू डॉक्टरांना दोन महिने म्हणालीस."

"कापड..." टाकेबाई म्हणाल्या.

"आई, माझ्याशी नको. मी गिऱ्हाईक नाही तुझं."

मग बाईंनी सांगितलं. बाकावर बसून, पिशवीचा पट्टा बोटांना गुंडाळत, धरणाच्या दुपारपासून. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. संपल्यावर लेकीने विचारलं, "रोज किती?"

"वीस. कधी पंचवीस."

"आणि मी बढतीच्या परीक्षेला गेले होते तेव्हा?"

"त्या दिवशी मोजली नाहीत."

समोरचे आजोबा भिंतीवरचं चित्र फार लक्ष देऊन बघू लागले. आतून नाव पुकारलं. लेक उठली नाही. "तू जाऊन सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार तुझ्यासाठी."

आत टेबलावर सुई भरून तयार होती. डॉक्टर हातमोजे चढवत होते. टाकेबाईंनी चिंधीला टेबलावर न ठेवता छातीशीच धरलं. "हिला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी खायला घातलंय. दीड वर्षं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. दर वेळी."

डॉक्टरांनी मोजे काढले. एक बोट, मग दुसरं. बराच वेळ लागल्यासारखं वाटलं. "मला खोटं सांगणारे रोज येतात, बाई," ते म्हणाले. "मला कळतं. तुमचं नाही कळलं. तुम्ही फार चांगलं सांगितलंत."

ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बत्तीस वर्षांची कमाई होती ती.

"हे अर्ध्या तासानंतर कळलं असतं तर?" एवढंच ते पुढे म्हणाले, आणि सुई झाकून ठेवली.

परतताना टॅक्सीत चिंधी दोघींच्या मध्ये आडवी पडली होती, भादरलेल्या पायावरची सुयांची लाल टिंबं वर करून. लेक खिडकीतून बाहेर बघत होती.

"मी लोकांना सांगत फिरले," ती म्हणाली. "माझी आई बरी झाली म्हणून. त्या मुलीच्या आईला मांजर घ्यायला लावली."

"होते गं मी बरी. सुरुवातीला. खरंच होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? पुन्हा जमत नाहीये असं? फोन का नाही केलास मला?"

टाकेबाईंना उत्तर द्यायचं नव्हतं. पण आज त्यांच्या तोंडाला खऱ्याची सवय लागली होती. "तूच म्हणाली होतीस, माझा फोन वाजला की तुझ्या पोटात गोळा येतो."

दोन सिग्नल गेले. मग लेकीने हात लांब करून चिंधीच्या पाठीवर ठेवला, तोंड खिडकीकडेच राहिलं, पण खांदे हलताना दिसले. आता लाज दोघींत वाटली गेली होती, आणि त्याने कुणाचीच कमी झाली नाही.

ती चार दिवस राहिली. डॉक्टरांनी दिलेलं माप स्वयंपाकघरात टांगलं. पाव घरात आणायचा नाही असं ठरलं. आणि नवा नियम : वाटलं की फोन करायचा, लपवायचं नाही. लेक कामात असेल तर उचलणार नाही, पण रात्री सांगेल की किती वेळा वाजला ते. "आणि कुणाला तरी दाखवायचं, आई. माणसांच्या डॉक्टरला. चिंधीला नाही आता तुझा दवाखाना करायचा." बाई मनाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागल्या, दर मंगळवारी. तिथेही पहिल्या दोन वेळा त्यांनी सगळं छान आहे असंच सांगितलं. तिसऱ्या वेळी नाही.

चावीवाल्यांना त्यांनी स्वतःच सांगितलं, चाक थांबायची वाट बघून. ऐकून ते म्हणाले, "मला माहीत होतं हो. आवाजच येत होता. मी आपला विनोद करत बसलो." त्यांनी मान खाली घालून एका चावीचे दात उगाचच पुन्हा घासले. नंतर रोज जिन्यावरून चिंधीला वरखाली ते नेऊ लागले. तिचं वजन कमी होतंय की त्यांचे हात बळकट होतायत, हे सांगता येत नाही, असं म्हणायचे.

सगळ्यात कठीण चिंधीच होती. तिला कुठे ठाऊक होतं काही? तिच्या दृष्टीने कालपर्यंत देणारा हात आज एकाएकी बंद झाला होता. ती पायट्याशी बसून वर बघायची. भुंकायची नाही, कुरकुरायची नाही. नुसतं बघायची. बाईंची मशीन चालायची, फोन कात्रीशेजारी पडलेला असायचा, लेक कुठल्यातरी रस्त्यावर असायची, आणि त्यांना एका वेळी दोन गोष्टी सोसाव्या लागायच्या : आतली धडधड आणि ते डोळे. पूर्वी एकीने दुसरीला गप्प करता यायचं. आता करता येत नव्हतं. त्या मशीन थांबवून खाली जमिनीवर बसायच्या, हात पाठीवर ठेवायच्या, आणि धडधड आपोआप कमी होईपर्यंत तशाच बसून राहायच्या. कधी दहा मोजेपर्यंत व्हायची. कधी गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं आणि काकू खाली काय शोधतायत असं विचारायचं.

दीड महिन्याने त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. ह्या वेळी चिंधी काट्यावर स्वतः चढली, तीन पायांवर. चौदा किलो दोनशे. डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचला.

"छान आहे. अजून दोन किलो, मग पायाची तारीख ठरवू." त्यांनी पेन उघडलं. "वरचं काही?"

"गुरुवारी दोन बिस्किटं दिली."

डॉक्टरांनी वर बघितलं. "काय झालं गुरुवारी?"

"लेकीचं विमान होतं. तीन तास उशिरा उतरलं." बाईंची नजर काट्याच्या पत्र्यावर होती. "एक चावीवाल्यांच्या देखत दिलं. दुसरं ते खाली गेल्यावर."

"दोन," डॉक्टर म्हणाले आणि लिहिलं.